इंगळेबाई आणि पाण्याखालच्या गावाचा नकाशा

पहिला आठवडाभर इंगळेबाईंनी आम्हाला कीबोर्डला हातच लावू दिला नाही.

देऊळगाव राजाच्या बसस्टँडमागच्या गल्लीत रज्जाकभाईंचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या बाजूनं पत्र्याचा जिना चढून वर गेलं की बाईंचं सेंटर. खाली बोर्डावर लिहिलेलं : ‘डी.टी.पी. शिका. लग्नपत्रिका, बिलबुक, हँडबिल करून मिळेल.’ मी लग्न होऊन या गावात आले त्याला काही वर्षं झाली होती. आमचे हे बियाण्यांच्या दुकानात, मुलगी शाळेत, आणि दुपार नुसती अंगावर यायची. गल्लीतल्या दोघीतिघींनी नाव घातलं म्हणून मीही घातलं. संगणक म्हणजे टायपिंग, एवढंच मला ठाऊक होतं.

बाईंनी पहिल्या दिवशी सगळ्या कीबोर्डांवर वर्तमानपत्रं पसरून ठेवलेली होती.

“टायपिंग कोणालेबी येते,” त्या म्हणाल्या. “आधी हा उंदीर हातात धरता आला पाह्यजे. त्याले काऊन भेता? घरातल्या उंदरायले भेता का तुमी?”

“हो!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही सगळ्या हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांचं तसंच होतं. हसू यायचं ते डोळ्यांपर्यंत येऊन परत जायचं.

मग त्यांनी पडद्यावर पेजमेकर नावाच्या प्रोग्रामचं कोरं पान उघडलं आणि म्हणाल्या, “चला, सैपाकघर काढा.”

आम्ही बघतच राहिलो. पण खरोखरच त्या आठवड्यात आम्ही स्वयंपाकघर काढलं. गोल काढायच्या टूलनं तवा. शिफ्टचं बटण दाबून ओढलं तर गोल येतो, नाही दाबलं तर अंडं होतं, हे मी तव्यावरच शिकले. कोपरे गोल केलेल्या लांबट चौकटीचं लाटणं झालं. सरळ रेघांची मांडणी, तिच्यावर एकाला एक चिकटून उभे डबे. माझ्या तव्याचा दांडा तव्याच्या पोटातून आरपार दिसत होता. बाई माझ्या खुर्चीमागं येऊन थांबल्या. “दांड्याले मांगं पाठव,” म्हणाल्या. “तो मांगंच राह्यते.” मी तव्यात काळा रंग भरला, दांडा निवडला, ‘सेंड टू बॅक’ केलं, आणि तवा एकदम तवा दिसायला लागला. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी यांना ते सांगितलं. यांना काही कळलं नाही.

रिकाम्या चौकटीवर मी एक अख्खी दुपार घालवली होती. मध्यभागी क्लिक करत होते आणि चौकट काही हातात येत नव्हती. बाईंनी बराच वेळ बघू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, “मंगल, रिकाम्या घमेल्याले मधात धरून उचलतं का कोणी? कडेले धर.” कडेच्या रेघेवर क्लिक केलं, आणि आली.

त्या मूळच्या डोणगावच्या. आमच्याकडची बोली जालन्याच्या अंगानं जाणारी. त्यांची पक्की वऱ्हाडी. ‘मले’, ‘तुले’ ऐकून बॅचमधल्या बाया सुरुवातीला गालात हसायच्या. बाईंना ते कळत होतं, पण त्यांनी बोली तसूभर बदलली नाही. उलट बँकेचा साहेब पत्रक करून घ्यायला आला की जास्तच वऱ्हाडी बोलायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर पिन, केसांचा घट्ट अंबाडा. टेबलाशेजारच्या भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर आणि तिच्याखाली बाबासाहेबांचा फोटो. काम सुरू करण्याआधी उजव्या हातातल्या बांगड्या काढून त्या एका खिळ्याला अडकवायच्या. “काचेचा आवाज झाला की हात थरथरते,” असं त्यांचं म्हणणं. यजमान एसटीत मेकॅनिक होते, बोलायला फारच थोडे. संध्याकाळी जिन्याखाली येऊन सायकलची घंटी वाजवायचे, की बाई बांगड्या चढवायच्या आणि आम्ही समजायचो, सुटी.

एका गोष्टीवर मात्र त्या हटून बसायच्या. तयार चित्रं वापरायची नाहीत. तेव्हा बाजारात सीडी मिळायच्या. गणपती, कलश, वरात, फुलं, हवं ते. सगळे तेच उचलून डकवायचे. बाईंच्या सेंटरमध्ये त्या सीडी नव्हत्या. रेघ, चौकट, गोल आणि बहुकोन, एवढ्यातून काय होईल ते करायचं.

आमच्या तालुक्यात भाजीपाल्याचं बियाणं पिकवणारे पुष्कळ. असेच एक बियाणंवाले वांग्याच्या पाकिटाचं लेबल करून घ्यायला आले होते. म्हणाले, वांग्याचा फोटो टाका. बाईंनी त्यांना बसवलं, बांगड्या खिळ्याला लावल्या. एक लांबट गोल काढला, थोडा तिरपा केला, जांभळा रंग भरला. त्याच्यावर आतल्या बाजूला पांढुरका बारीक गोल, म्हणजे चकाकी. मग बहुकोनाच्या टूलनं एक पाच टोकांची चांदणी काढली, हिरवी केली, दाबून चपटी केली आणि वांग्याच्या डोक्यावर नेऊन बसवली. तिच्यावर दोन रेघांचा देठ. बियाणंवाले पुढं वाकून बघत होते. चांदणी बसली तशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आरे, हे तर वांगंच झालं!”

“मंग काय भेंडी होनार होती?” बाई म्हणाल्या.

ते लेबल पुढं कित्येक वर्षं चाललं. आठवडी बाजारात ते पाकीट दिसलं की मी सोबतच्या बाईला सांगायचे, हे आमच्या बाईंचं वांगं.

आता कुणाला वाटेल की बाईंचं कधी चुकतच नसे. चुकायचं. आणि चुकलं की त्या ते लपवत नसत, हे मला त्यांच्याकडून शिकायला जास्त वेळ लागला.

रज्जाकभाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच वरच्या बाईंकडं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. उर्दू मजकूर मौलवीसाहेबांनी सुंदर अक्षरात कागदावर लिहून दिला होता. तो स्कॅन करून चित्रासारखा पानावर ठेवायचा होता. बाईंनी जीव ओतून काम केलं. दोन चौकटी आणि वर अर्धा गोल, अशी कमान केली, कमानीला बारीक जाळी. पण उर्दू मजकूर ठेवल्यावर त्यांना पान एका अंगाला झुकल्यासारखं वाटायला लागलं. अक्षरांच्या लांब वेलांट्या एकाच बाजूला जात होत्या आणि समोरच्या पानावरची नक्षीची वेल दुसरीकडं. बाईंनी ते चित्र निवडलं आणि आडवं पलटवलं. पान कसं तोलून धरल्यासारखं झालं. आम्ही सगळ्यांनी वा वा केलं. पत्रिका छापून आल्या.

गठ्ठा घेऊन बाई स्वतः खाली गेल्या, मी बरोबर होते. रज्जाकभाईंनी हात पुसले, पत्रिका घेतली, उलटली आणि बघतच राहिले. मग भिंतीवरच्या आरशासमोर जाऊन उभे राहिले, पत्रिका आरशासमोर धरली आणि मोठ्यानं वाचायला लागले. वाचून झाल्यावर वळले.

“बाई,” ते म्हणाले, “अब हर मेहमान को साथ में एक आईना भी भेजना पडेगा.”

आणि तो माणूस इतका हसला की दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसायला लागली. बाईंचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी गठ्ठा उचलून परत घेतला. वर आल्यावर खुर्चीत बसून राहिल्या. नवीन पत्रिका छापून आल्या तेव्हा त्यांनी आधी मौलवीसाहेबांना जिना चढायला लावून एक वाचून घेतली, मगच खाली पाठवल्या. रज्जाकभाई म्हणत होते, अहो, एवढं काय त्यात, माणसाकडून होतंच. पण बाईंनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या प्रत्येक बॅचला त्या ही गोष्ट स्वतः सांगायच्या, स्वतःला काही सूट न देता. शेवटी म्हणायच्या, “आपल्याले वाचता येत नाई, ते निस्तं डोयाले बरं दिसते म्हून हलवायचं नाई. ज्याले वाचता येते त्याले इचारा.”

कोर्स संपल्यावर मी घरी बसले नाही. बाईंनीच थांबवून घेतलं. “तुह्या हाताले कड सापडते,” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांच्याकडं कामाला जाऊ लागले, आणि म्हणूनच हिवरवाडीच्या नकाशाचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

हिवरवाडी धरणात गेलेलं गाव. गाव उठून कित्येक वर्षं झाली होती. नवी हिवरवाडी माळावर वसली. सरळ रस्ते, सारखे प्लॉट. तिथल्या शाळेत नवीन व्हरांडा झाला तेव्हा गावकऱ्यांच्या डोक्यात आलं की जुन्या गावाचा मोठा नकाशा तिथं लावावा. पोरांना कळू द्या, आपण कुठले. सरकारी नकाशात शेतांचे गट होते, गावठाणाच्या जागी नुसता एक डाग. तेव्हा भगवानराव आले. उंच, वाकलेले, धोतर, हातात काठी. जुन्या पोलीस पाटलांचे चिरंजीव. गाव त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला पाठ नाही, असं सोबतच्यांनी सांगितलं.

बाईंनी त्यांना पडद्याकडं बघूच दिलं नाही. म्हणाल्या, “डोये मिटा, आन वेशीतून आत या.”

भगवानरावांना आधी ते विचित्र वाटलं. मग त्यांनी डोळे मिटले. काठी जमिनीवर टेकवली. “वेशीतून आत आलं का,” ते सावकाश बोलू लागले, “डाव्या हाताला शिंप्याचं घर. त्याला लागून किसनचं. मंग बोळ. बोळात पाणी साचायचं...” ते काठी पुढं टेकवत जायचे आणि बाई चौकटी काढत जायच्या. शिंप्याची चौकट लहान, किसनची लांबट, बोळाला दोन रेघा. चावडी, मारुतीचं देऊळ, मशीद, तेल्याचा घाणा, पिंपळाचा पार. झाडाला हिरवा गोल. प्रत्येक चौकटीत नाव. मध्येच ते अडायचे, मागं जायचे, “न्हाई न्हाई, लोहाराचं आधी,” म्हणायचे, आणि बाई लोहाराला उचलून आधी आणायच्या. असे ते बरेच दिवस येत राहिले. कधी गावातली आणखी दोन म्हातारी माणसं सोबत आणायचे आणि कडुनिंब देवळाच्या उजवीकडं होता की डावीकडं यावर त्यांचं भांडण व्हायचं. रज्जाकभाई खालून चहा पाठवायचे. बाईंनी एकेक आळी पूर्ण झाली की तिची घरं एकत्र बांधून ठेवली, म्हणजे ‘ग्रुप’ केली, की चुकून एखादं घर निसटू नये.

गाव जवळजवळ पूर्ण झालं. वरच्या कडेला एक वाकडी रेघ, तो नाला. भगवानरावांनी आता पडद्याकडं बघितलं आणि नाल्यापलीकडच्या चिंचोळ्या जागेवर बोट ठेवलं.

“हितं एक मोठी चौकट काढा,” ते म्हणाले, “आन लिहा, बौद्धवाडा. मंग झालं.”

बाईंचा हात थांबला.

“एकच चौकट?”

“हो, एकच. कळतंय की सगळ्यांला.”

“घरं किती होती?”

“आसतील की बरीच.”

“नावं सांगा.”

भगवानराव विचार करू लागले. डोळेसुद्धा मिटले त्यांनी. काठी टेकवली, पण काठी पुढं सरकेना. थोड्या वेळानं डोळे उघडून ते म्हणाले, “बाई, खोटं कशाला बोलू? जनम गेला त्या गावात, पन त्या अंगाला मी कधी गेलोच न्हाई.”

मला वाटलं, आता बाई चिडणार. त्या कुठल्या समाजाच्या हे काही लपलेलं नव्हतं. तसबीर समोरच होती. पण त्यांनी आवाज चढवला नाही. फाइल सेव्ह केली, माऊस बाजूला ठेवला.

“तुमी खरं बोलले, हे बरं केलं,” त्या म्हणाल्या. “पण मंग पुढचं काम तुमच्यानं होत नाई. ज्यानं तिथं पाणी भरलं, त्या माणसाले आना.”

“ते लोक आता हितं कुठं? कुनी जालन्याला गेलं, कुनी पुण्याला. त्यांच्यावाचून आडतंय का?”

“आडते. हा अर्धा नकाशा हाय. अर्धा नकाशा मी देत नसते.”

दुसऱ्या दिवशी भगवानरावांचा मुलगा आला. मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत जिना चढला. शाळेचा कार्यक्रम जवळ आला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. तो म्हणाला, एवढ्याशा कारणावरून तुम्ही काम अडवून धरलंय, आम्ही जालन्याहून करून आणू. बाईंनी शांतपणे तोवर झालेलं काम त्याला सीडीवर घालून दिलं.

“घेऊन जा,” म्हणाल्या. “त्यांच्याकून एक चौकट काढून घ्या, दोन मिंटाचं काम हाय. फकस्त खाली माह्या सेंटरचं नाव टाकू नका.”

तो सीडी घेऊन तरातरा निघून गेला. मी म्हटलं, बाई, एवढ्या दिवसांची मेहनत दिलीत की देऊन. बाई बांगड्या घालत होत्या. म्हणाल्या, “मेहनत माही होती, गाव त्यायचं हाय.” आणि त्या दिवशी घंटी वाजायच्या आधीच घरी गेल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. एरवी धरत नसत.

पुढं काही दिवस तो विषय निघाला नाही. लग्नसराई होती, काम पुष्कळ होतं. मला वाटलं, संपलं ते.

एका सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. भगवानराव वर आले, मागं वळून म्हणाले, “सावकाश ये, पत्रा हालतोय.” त्यांच्यामागून एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. भगवानराव स्वतः जालन्याला जाऊन, विचारत विचारत, तिचं घर शोधून तिला घेऊन आले होते. मुलाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

“ही कौसाबाई,” ते म्हणाले. “हिचा जनम तिथलाच आन लगीनबी तिथंच झालं. इचारा काय इचारायचं ते.”

बाई उठून उभ्या राहिल्या. आपली खुर्ची पुढं केली. कौसाबाई आधी खाली फरशीवरच बसायला निघाली होती. बाईंनी तिचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर भगवानराव बसले. ती दोघं एका रांगेत खुर्च्यांवर बसलेली होती आणि दोघांनाही हात कुठं ठेवावे ते कळत नव्हतं.

कौसाबाईनं पडद्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं. “नाला कुठंय?” तिनं विचारलं.

बाईंनी वरच्या कडेची रेघ दाखवली.

“आन त्याच्याम्होरं?”

त्याच्या पुढं पान संपत होतं. भगवानरावांचं गाव नाल्याशी संपलं होतं; कौसाबाईचं तिथून सुरू होत होतं. बाईंनी पानाचा आकार वाढवला. मग सगळं गाव निवडलं, वेस, चावडी, देऊळ, मशीद, सगळ्या आळ्या. त्यांचा एकच ग्रुप केला आणि माऊसनं धरून अख्खं गाव खाली सरकवलं. वर मोकळी जागा झाली.

भगवानराव दचकून खुर्चीत मागं झाले. “आरारा! गाव हाललं की हो!”

“एकदा सरकारनं हालवलं,” कौसाबाई म्हणाली, “आता ही बाई हालवतीय.”

आणि दोघंही एकदम हसली. त्यानंतर त्यांचे हात मोकळे झाले.

कौसाबाईनं डोळे मिटले नाहीत. ती नाल्यापासून चढाला लागली. भगवानरावांची घरं पुरुषांच्या नावानं होती. हिची सगळी बायकांच्या. “हे गंगूचं. तिच्या दारात शेवगा. म्होरं पारूचं, तिचं दार उगवतीला. मंग माझ्या सासूचं, पडवी मोठी, बाळंतिणी तिथंच यायच्या.” बाईंनी विचारलं नाही की घरमालकाचं नाव काय. जसं सांगितलं तसं लिहिलं : गंगूचं घर, पारूचं घर. शेवग्याला हिरवा गोल. विहार नव्हतं तेव्हा, एक ओटा होता, तिथं जयंतीला माणसं जमायची, ओट्याला चौकट. प्रत्येक घराची वेगळी चौकट. एकाला एक चिकटलेली, वाकडीतिकडी, जशी होती तशी.

मग कौसाबाई म्हणाली, “हितं हीर.”

बाईंनी शिफ्ट दाबून बारीकसा गोल काढला, निळा केला.

भगवानराव पुढं वाकले. “तिथं विहीर व्हती?”

“व्हती की. दगडानं बांधलेली. आमच्या बापजाद्यानं खणलेली. लई गोड पानी. तुमच्या मळ्यातल्या हिरीपरीस गोड.”

“मला ठाव न्हाई,” भगवानराव हळू आवाजात म्हणाले. “कधी पेलो न्हाई.”

कौसाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “आता कुठून पाजू, भगवानराव? पान्याखाली गेलं ते पानी.”

इंगळेबाई पडद्याकडंच बघत होत्या. निळा गोल निवडलेला तसाच होता, कडेचे ठिपके दिसत होते. त्यांनी बराच वेळ त्याला सोडलं नाही. मग सेव्ह केलं आणि मला म्हणाल्या, “मंगल, खाली चहा सांग. चांगला, दुधाचा.” मी जिना उतरताना वरून दोघांचा आवाज येत होता. नाल्याला पूर आला होता त्या वर्षी कुणाची म्हैस वाहून गेली, यावर ती दोघं वाद घालत होती.

शाळेच्या कार्यक्रमाला बाईंनी मलाही नेलं. तो मुलगा, किल्ली फिरवणारा, स्वतः जीप घेऊन न्यायला आला होता. बाईंनी दिलेली सीडी त्यानं तशीच परत केली आणि मागचं दार उघडून धरलं. नकाशा फ्लेक्सवर मोठा करून व्हरांड्याच्या भिंतीला लावलेला होता. भाषणं चालू होती, पण ऐकत कुणी नव्हतं. सगळं गाव भिंतीला चिकटलं होतं. माणसं घरांवर बोटं ठेवत होती, लेकरांना उचलून दाखवत होती. नाल्यापलीकडची माणसंही आली होती, जालन्याहून, कुठून कुठून. कौसाबाईनं निरोप पाठवले होते. ती स्वतः गंगूच्या चौकटीवर पंजा ठेवून उभी होती. गंगू कधीच वारली होती. कौसाबाईनं हात उचलला की मागचा माणूस बघायला सरकायचा, आणि ती पुन्हा हात ठेवायची.

तेवढ्यात तो किल्लीवाला मुलगा बाईंजवळ आला, जरा अवघडून म्हणाला, “मॅडम, आमच्या वाड्यामागं गोठा व्हता. तो राह्यला.”

“मंग आधी सांगायचं नाई का!” बाई खेकसल्या. पण पर्समधून काळा मार्कर काढून त्या गर्दीत शिरल्या आणि त्याच्या घरामागं, हातानं, एक चौकट काढून दिली. ती अशी सरळ आली की लांबून छापलेलीच वाटावी. स्टेजवरून शाल-श्रीफळासाठी नाव पुकारत होते. बाईंना ते ऐकूच आलं नाही. दुसऱ्या कुणाचीतरी चूल राहिली होती.

पुढं मोबाइल आले, पत्रिका फोनवर बनायला लागल्या, जिना चढणारी माणसं कमी झाली. रज्जाकभाईंचं दुकान त्यांचा जावई बघू लागला. बाईंचे यजमान वारले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी भेटायला गेले तेव्हा पलंगावर बसल्या होत्या. बोलणं जड झालेलं, शब्द अर्धे यायचे, आणि अर्धा शब्द आला की त्यांना स्वतःचाच राग यायचा. मी उजवा हात हातात घेतला तर त्यांनी तो डाव्या हातानं सोडवून घेतला आणि मांडीवर नीट ठेवला. “सेंटर... तू,” एवढं म्हणाल्या. तेव्हापासून सेंटर मी चालवते.

त्यांची लेक बुलढाण्याला नर्स आहे. ती त्यांना कायमचं घेऊन गेली. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला, आई गेली म्हणून. मधल्या काळात मी फोनवर बोलत असे. बोलत असे म्हणजे मी बोलायचे आणि त्या हुंकार द्यायच्या. बघणं मात्र लेक घेऊन गेली त्याच दिवशी झालं, ते शेवटचं.

बसस्टँडवर पोचवायला मी गेले होते. बुलढाण्याची गाडी लागली होती. लेकीनं आणि कंडक्टरनं मिळून बाईंना वर चढवलं, खिडकीशी बसवलं. तीच कडक साडी, खांद्याला पिन. पिन लेकीनं लावलेली असणार, थोडी तिरपी होती. मी खिडकीखाली उभी. तब्येतीला जपा, असं काहीतरी मी म्हणत होते. बाईंचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्या माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होत्या, आणि डावा हात खिडकीबाहेर काढून काहीतरी दाखवत होत्या.

मला वाटलं, पाणी पाहिजे. मी धावत जाऊन बाटली आणली. त्यांनी चिडून मान हलवली. पुन्हा तेच बोट. इंजिन सुरू झालं.

“काय पाहिजे, बाई?”

त्यांनी ओठ जुळवले, जोर लावला. “त्याचा... कान,” त्या म्हणाल्या.

मी वळून बघितलं. रस्त्यापलीकडं विजेच्या खांबाला कुणाच्या तरी वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स बांधला होता. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्यातला शेवटचा फोटो चौकटीबाहेर सरकला होता आणि सोनेरी बॉर्डरनं त्या बिचाऱ्याचा एक कान कापला होता.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. हसतच मी परत वळले, पण गाडी हलली होती. फाटकातून बाहेर पडताना खिडकी एकदा दिसली. बाईंचा चेहरा दिसला नाही. फक्त डावा हात दिसला, आणि त्यातलं एक बोट हवेत कशाला तरी हळूहळू, नेटानं, आत ढकलत होतं.